चोपन्न किलो वजन आणि पाचवी खाच

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी चार महिन्यांपूर्वी ३५० सीसीची, मागे दोन शॉकअप असलेली मोटारसायकल जुनी विकत घेतली. त्यांचे वजन ५४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. त्या रोज साताऱ्याहून कोरेगावला नोकरीसाठी एकट्या ये-जा करतात आणि रविवारी ९४ किलो वजनाच्या पतीला मागे बसवून किंवा त्यांच्या मागे बसून यवतेश्वर घाटाने कासच्या बाजूला जातात. एकटीने चालवताना प्रत्येक गतिरोधकावर कमरेला दणका बसतो, खराब रस्त्यावरच्या वळणात गाडीचा मागचा भाग उडतो आणि सिग्नलला पायांचे फक्त चवडे टेकतात. मागच्या शॉकअपखाली सहा खाचांची कडी आहे. ती आधीच्या मालकाने पाचव्या खाचेवर ठेवली होती आणि मेकॅनिकने ‘हार्डच बरी, हात लावू नका’ असे सांगितले. मित्रमंडळी नऊ हजार रुपयांचे गॅस भरलेले नवे शॉकअप बसवायला सांगत आहेत, घरचे गाडी विकून स्कूटर घ्यायला सांगत आहेत. शेवटी त्या विचारतात, “माझे वजनच कमी आहे, त्यामुळे ही गाडी माझ्यासाठी नाहीच, असे समजावे का?”

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात लक्ष दणक्यांकडे गेले, दुसऱ्या वाचनात मात्र शेवटच्या वाक्याकडे. गाडी कमरेला लागते म्हणून तुम्ही गाडीबद्दल शंका घेतली, मेकॅनिकने ती उडवून लावली, आणि मग ती शंका तुम्ही स्वतःच्या अंगावर ओढून घेतलीत. तुमच्या वजनात काहीही उणे नाही. ती कडी दोन मोठी माणसे आणि बहुधा एखादे मूल यांच्या वजनासाठी लावलेली आहे, आणि तिच्यावर तुम्ही एकट्या बसत आहात. आईच्या मापाचे ब्लाउज मुलीला सैल झाले म्हणून मुलीचे शरीर चुकीचे ठरत नाही. टाके उसवून पुन्हा घालावे लागतात, एवढेच.

गाडी कोणासाठी बनवलेली असते, हेही थोडे पाहू. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक दुचाकीसाठी कोणते तरी एक वजन गृहीत धरावेच लागते. युरोपीय संघाच्या १६८/२०१३ या नियमात चालकाचे वजन ७५ किलो धरलेले आहे. तुम्ही त्या कागदावरच्या चालकापेक्षा २१ किलोंनी हलक्या आहात आणि तुमचे पती १९ किलोंनी जड. म्हणजे एकाच घरात, एकाच गाडीवर, ४० किलोंचे अंतर आहे. हे अंतर भरून काढण्यासाठीच ती सहा खाचांची कडी शॉकअपवर असते. तिला हात लावू नका असे सांगणे म्हणजे शिलाई मशीन द्यायचे आणि टाका लहान-मोठा करायची चकती फिरवू नका म्हणायचे, तसे आहे.

आता ‘हार्ड’ या शब्दाकडे वळतो, कारण तुमच्या अडचणीचे मूळ त्यात आहे. कडी वरच्या खाचेवर नेली की स्प्रिंग कडक होते, असे गॅरेजमध्ये सर्रास म्हटले जाते आणि बहुतेकांचा त्यावर विश्वास असतो. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि वेटोळ्यांचा व्यास यांवर ठरतो, आणि कडी फिरवून यांतले काहीच बदलत नाही. जी स्प्रिंग १० मिलिमीटर दाबायला २५ किलो लागतात, तिला पुढचे १० मिलिमीटर दाबायलाही २५ किलोच लागतात, मग कडी कुठेही असो. (काही स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला दाट असतात, त्यांत किंचित फरक पडतो; पण मुद्दा तोच राहतो.) कडी वर नेल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, आणि त्यामुळे तुम्ही बसल्यावर गाडी जितकी खाली बसायला हवी तितकी बसत नाही. कडी गाडीची उंची बदलते, आणि त्याबरोबर चाकाची खाली-वर होण्याची जागाही बदलते.

मग दणका का बसतो? आपण समजतो की शॉकअपचे काम फक्त दबण्याचे आहे. त्याचे अर्धे काम उलट दिशेचे, म्हणजे लांब होण्याचे आहे. समोर खड्डा आला की चाकाने खड्ड्यात उतरले पाहिजे, तळाला टेकले पाहिजे आणि पुन्हा वर आले पाहिजे, आणि एवढे होईपर्यंत तुम्ही जागच्या जागी राहिले पाहिजे. त्यासाठी तुम्ही बसल्यानंतर शॉकअप थोडे दबलेले असावे लागते, म्हणजे त्याला लांब व्हायला जागा उरते. तुमच्या पाचव्या खाचेवर ते जवळजवळ पूर्ण लांब झालेलेच उभे आहे. चाक खड्ड्यात थोडेसे उतरते, तिथे शॉकअपची लांबी संपते, आणि पुढचा सगळा धक्का सीटमार्गे तुमच्या मणक्यात जातो. गतिरोधक ओलांडून उतरतानाही हेच घडते, आणि आपल्याकडचे गतिरोधक कसे असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या १९८८च्या संहितेत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगाने सहज ओलांडता येईल असा गोलाकार सांगितला होता. गावोगावी मात्र एका रात्रीत डांबराचा उभा बांध घातला जातो.

वळणात मागचा भाग उडतो, त्याचेही कारण हेच आहे. आणि घाट उतरताना यातला धोका वाढतो. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे सरकते, मागचा भाग उचलला जातो आणि शॉकअप लांब होऊ पाहते. त्याच्याकडे लांबी उरलीच नसेल, तर मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड जाते. यवतेश्वर घाटातून एकट्याने उतरताना मागचे चाक सरकल्याचा किंवा एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड पायाला लागल्याचा अनुभव तुम्हाला आला असेल, तर तो तुमच्या चालवण्याचा दोष समजू नका.

आता नऊ हजारांचा विचार बाजूला ठेवा आणि दहा रुपयांची शिंप्याची मापाची टेप घ्या. सोबत दोन माणसे हवीत, एक गाडी धरायला आणि एक माप घ्यायला. गाडी डबल स्टँडवर लावली की मागचे चाक अधांतरी राहते. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर किंवा सीटखालच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून एक खूण करा आणि ते अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. हे पहिले माप. मग गाडी स्टँडवरून उतरवा, कोणी तरी ती सरळ धरावी, आणि वर कोणीही नसताना तेच अंतर पुन्हा मोजा. हे दुसरे. तिसऱ्या मापाला तुम्ही रोज निघता तशा सगळ्या तयारीनिशी बसा, म्हणजे हेल्मेट, जॅकेट, बूट आणि डब्याची पिशवीसुद्धा. दोन्ही पाय फूटरेस्टवर, नजर समोर. प्रत्येक वेळी मोजण्याआधी गाडी हाताने एकदा दाबून हळू सोडा आणि मोजा, मग किंचित उचलून हळू सोडा आणि मोजा, आणि दोन्हींचा मध्य घ्या; शॉकअपमध्ये घर्षण असते, त्यामुळे एकाच मापावर विसंबले तर चार-पाच मिलिमीटरची फसगत होते.

पहिल्या मापातून तिसरे वजा केले की तुमच्यासह गाडी किती खाली बसते ते कळते. जाणकार चालक याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. एकूण हालचाल १२० मिलिमीटर असेल, तर सॅग ३० ते ४० मिलिमीटर.

हे कागदावर कोरडे वाटते, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या आधी, माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या अशाच गाडीवर आम्ही त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ही मापे घेतली. वजन तुमच्याइतकेच आणि कडीही पाचव्या खाचेवर. मोकळी लांबी ५६० मिलिमीटर भरली, रिकाम्या गाडीची ५५६, आणि त्या बसल्यावर ५४३. म्हणजे त्या बसूनही गाडी अवघी १७ मिलिमीटर बसली होती, हालचालीच्या सातव्या हिश्शाइतकी. कडी चिखलाने थापलेली होती. ब्रशने धुऊन, जुन्या बनियनने पुसून, टूलकिटमधला आकडी पाना खाचेत अडकवून त्या स्वतःच एकेक खाच खाली उतरल्या, आणि प्रत्येक खाचेला कडी ‘टक्’ असा आवाज करून बसत होती. पहिल्या खाचेवर रिकाम्या गाडीचे माप ५४४ आले आणि त्या बसल्यावर ५३१. एकूण २९ मिलिमीटर. पार्किंगच्या फाटकाबाहेरच्या गतिरोधकावरून त्या एक फेरी मारून आल्या आणि गाडी बंद न करताच पुन्हा दुसरी मारायला गेल्या. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, जी तुमच्याही कामाची आहे. सीटपाशी गाडी सेंटिमीटरभर खाली आली होती, आणि चवड्यांबरोबर आता तळव्याचाही थोडा भाग टेकत होता. आपल्या उंचीला सेंटिमीटरभर म्हणजे पुष्कळ झाले.

तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण दिशा हीच राहील असे मला वाटते. कडी फिरवताना तीन गोष्टी सांभाळा. गाडी डबल स्टँडवर असतानाच फिरवा, म्हणजे स्प्रिंगवर तुमचे किंवा गाडीचे वजन नसेल. डाव्या आणि उजव्या दोन्ही शॉकअपची खाच एकच हवी. एक तिसऱ्यावर आणि एक पहिल्यावर राहिले तर चिमट्यावर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर, पीळ पडतो. आणि खाचा क्रमानेच उतरा. शेवटच्या खाचेवरून जोर लावून थेट पहिलीवर उलटवायचा प्रयत्न केला तर कडीची कडा तुटते, हे मी गॅरेजमध्ये पाहिले आहे. कडी गंजून अडली असेल तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा, पण त्याचा एक थेंबही ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका.

हे सगळे करण्याआधी मात्र एक काम, आणि ते तुम्ही केले नसावे असे पत्रावरून वाटते : चाकांतली हवा तपासा. पेट्रोलपंपावर ‘किती भरू’ असे विचारण्याची पद्धत आता फारशी उरलेली नाही, आणि जास्त हवेचे टायर हलक्या चालकाला हमखास उडवते. कंपनीने ठरवलेला दाब चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, एकट्यासाठी आणि दोघांसाठी तो बहुधा वेगवेगळा असतो, आणि तो थंड टायरचा असतो. म्हणून सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच पंपावर मोजा, कोरेगावहून परतताना नको. हवा बरोबर केल्यावर दणका निम्म्याने कमी झाला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता नव्या शॉकअपचा प्रश्न. गॅस भरलेले, नळी बाहेर असलेले शॉकअप वाईट नसतात, पण ते ज्या कामासाठी असतात ती तुमची अडचण आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. गाडीच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी जोर देऊन तो दाबा आणि सोडा. तो एकदा वर येऊन स्थिरावला, तर आतले तेल आपले काम करत आहे. दोन-तीन हेलकावे खाल्ले, किंवा दांड्यावर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर दिसला, तर शॉकअप संपले आहे आणि जोडीने बदलायला हवे. दुसरी कसोटी मापांची आहे आणि ती जरा उलटी वाटते, म्हणून सावकाश वाचा. कडी फिरवून तुमच्यासह सॅग नीट जमला, पण तेवढ्यासाठी रिकामी गाडीच खूप, म्हणजे पंचवीस-तीस मिलिमीटर, खाली बसू लागली, तर ती स्प्रिंग तुमच्यासाठी जास्त कडक आहे. उलट, रिकामी गाडी अजिबातच बसत नसेल आणि तरीही चालक बसल्यावर ती फार खाली जात असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. शंभर किलोंच्या वरच्या वाचकांना हा अनुभव बहुधा येतो. या दोन्ही परिस्थितींत कडी फिरवून उपयोग नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. त्या शिक्षिकेच्या गाडीत रिकाम्या गाडीचा सॅग १६ मिलिमीटर आला, तो चालण्यासारखा आहे. तुमचाही त्याच आसपास आला, तर ते नऊ हजार रुपये चांगल्या जॅकेटसाठी किंवा नव्या टायरसाठी ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. आणि कोणी शॉकअप उघडून गॅस भरून देतो म्हणाले, तर देऊ नका. आत मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो, ते नाक्यावरच्या गॅरेजचे काम नाही.

पुढच्या शॉकअपला तुमच्या प्रकारच्या गाडीत कडी नसते, त्यामुळे तिथे करण्यासारखे थोडेच आहे. पुढच्या नळीच्या चकचकीत भागावर एक प्लास्टिकची केबलपट्टी आवळून ती खाली रबरी सीलपर्यंत सरकवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक दिवस चालवा. संध्याकाळी ती वर किती सरकली ते पाहिले, की दिवसभरात पुढचे शॉकअप जास्तीत जास्त किती दबले ते कळते. १३० मिलिमीटर हालचालीपैकी रोजच्या रस्त्यावर नव्वद-शंभर वापरली जात असतील तर सगळे ठीक आहे. साठच्या पुढे पट्टी जातच नसेल, तर पुढचे तेल किती जुने आहे, आधीच्या मालकाने कंपनीने सांगितल्यापेक्षा दाट किंवा जास्त तेल भरून घेतले होते का, हे विचारा. पूर्वी ‘पुढचे हार्ड करून द्या’ असे सांगून दाट तेल भरून घेणारे पुष्कळ होते.

रविवारच्या सफरीचा प्रश्न तुम्ही पत्रात ओझरताच विचारला आहे, पण माझ्या मते खरी शिस्त तिथे लागते. पहिली खाच तुमच्या एकटीसाठी आहे. पती एकटे चालवणार असतील तर तिसऱ्या खाचेपासून सुरुवात करून त्यांचीही मापे घ्या. दोघे बसणार असाल तर पाचवी किंवा सहावी, कारण मागच्या सीटवरच्या माणसाचे जवळजवळ सगळे वजन मागच्या चाकावर येते. दोघांना घेऊन पहिल्या खाचेवर घाट चढलात तर गाडी मागे बसेल, पुढचे चाक हलके होऊन वळणात बाहेरच्या बाजूला ओढेल, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून खाच बदलली की रात्री निघण्यापूर्वी घरासमोरच्या भिंतीवर झोत कुठे पडतो तेही पाहा. चेनचा ढिलेपणाही एकदा पाहून घ्या. गाडीची उंची बदलली की तो थोडा बदलतो.

पायांबद्दल थोडे आणखी. सेंटिमीटरभर उंची कमी होऊनही अडचण राहिली, तर सीटवाल्याकडून सीटचा फोम पुढच्या दोन्ही कडांना तासून घ्या. मांड्या आत आल्या की पाय आपोआप जास्त पोहोचतात. आखूड शॉकअप बसवणे किंवा आहेत ते कापून घेणे मात्र टाळा. त्याने गाडीचे पोट गतिरोधकाला घासते, साइड स्टँडवर गाडी धोकादायकरीत्या उभी राहते आणि वळताना सायलेन्सर टेकू शकतो.

हे सगळे तुमच्याच गाडीपुरते नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या मागच्या शॉकअपला पाच टप्पे असतात, अ‍ॅक्टिवाच्या मागच्या शॉकअपला तीन, आणि बहुसंख्य मालकांनी त्यांना गाडी घेतल्यापासून हात लावलेला नसतो. पहाटे ४० लिटरचे दोन कॅन दोन्ही बाजूंना टांगून डेअरीला जाणारा शेतकरी ऐंशी किलोंपेक्षा जास्त दूध मागच्या चाकावर नेतो आणि परत येताना रिकामे कॅन वाजवत येतो. त्याच्या पाठीला परतीच्या वाटेवर जो त्रास होतो, तो तुमच्यासारखाच आहे. रोज दोनदा कडी फिरवा असे मी त्याला सांगणार नाही, पण जाताना गाडी तळाला आदळणार नाही इतपत वरची आणि येताना कमरेला सोसवेल इतपत खालची अशी मधली खाच शोधावी, हे सांगेन. मागे एकच शॉकअप आणि त्यावर आटे पाडलेल्या दोन कड्या असलेल्या गाड्यांत खाचा नसतात. वरची कडी सैल करून खालची फिरवावी लागते, आणि म्हणून तिथे टेपशिवाय अंदाजाने फिरवणे जास्त फसवे असते.

कमरेबद्दल एवढेच, की गाडी आठ दिवस बंद ठेवूनही दुखणे राहिले, तर खाचा बाजूला ठेवून आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा.

आणि स्कूटर घ्यावी का? तुम्हाला स्कूटर हवी असेल तर जरूर घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण पत्रात तुम्ही कासच्या रस्त्याबद्दल ज्या आपुलकीने चार ओळी लिहिल्या आहेत, त्या वाचून मला तरी ही गाडी तुम्हाला मनापासून आवडते असे वाटले. तेव्हा येत्या रविवारी घाटाला निघण्याआधी अर्धा तास राखून ठेवा आणि पतीलाच माप धरायला बसवा. तुमच्या खाचेसमोर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावा आणि दोघांच्या खाचेसमोर दुसऱ्या रंगाचा, म्हणजे सोमवारी सकाळी घाईत मोजत बसावे लागणार नाही. तीनही मापे, कडीची खाच आणि टायरमधली हवा असे पाच आकडे मला लिहून पाठवा. पहिल्या खाचेवरही तुमचा सॅग २५ मिलिमीटरच्या आत राहिला, तर तुमच्या वजनाला कोणती स्प्रिंग लागेल, हे आपण त्या आकड्यांवरून काढू.

आपला स्नेहांकित,
सदरलेखक